परतीची तार

किल्ली फिरवली. टक्.
एवढंच.
दिवे मंदावले, किल्ली सोडली तशी पुन्हा उजळले.
लष्करात जानेवारीचं धुकं, नऊ वाजून गेलेत
आणि समोरच्या घराचा जिना
अजून अर्ध्यातच संपतोय.

जीप शहाऐंशीची. पाटबंधारे खात्याच्या लिलावात
दादांनी घेतली, पगारातून हप्ते कापून.
चंबळेच्या बीहडात जिथे उंटसुद्धा विचार करून पाय टाकतो
तिथे ही उतरायची, दुसरा दांडा ओढला की
चारही चाकांनी माती धरत.
त्या दांड्याची मूठ त्यांच्या तळव्याने
इतकी झिजलीय की आता माझ्या हातात मावते.

मीटर लावला : बारा पूर्णांक सहा.
बॅटरीचा दोष नाही.
टर्मिनलांवरचं पांढरं गरम पाण्याने, सोड्याने धुतलं.
स्टार्टरला पान्याच्या पाठीने दोन टोले,
मग तिसरा, थोडा रागाचा.
टक्.

पुण्याहून शिरीष : "भंगारात काढ गं ताई,
एकटीने कशाला ओढत बसलीयेस सगळं?"
सगळं म्हणजे काय काय, ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
आतून आई : "कोण आलंय?"
कोणी नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा, कोणी नाही.

जिन्सी नाल्यावरून हरगोविंद कुशवाह आला,
मफलरात फक्त डोळे आणि विडी.
बॉनेट उघडून हात मागे बांधून उभा राहिला,
जसे लोक सोयऱ्यांच्या घरी पहिल्यांदा उभे राहतात.
"जिज्जी, चाबी घुमाओ. और एक बार.
अब रुको मत, दबाए रहो."
टक्. टक्. टक्.
मी सवयीने चोक ओढायला मूठ धरली
आणि चटका बसला.

एवढ्या थंडीत. न चालणाऱ्या गाडीत. चटका.

तो हसला. विडी विझवून कानामागे ठेवली
आणि पाठ टेकून खाली सरकला.
खालून त्याचा आवाज येत राहिला :
इंजिन रबरावर बसलेलं असतं, जिज्जी, अधांतरी.
करंट जातो ती तार सगळे बघतात.
त्याला परतही यायचं असतं,
ते कोण बघतो?
चेसिसला जोडणारी विणलेली पट्टी
बोल्टाखाली हिरवी पडून केव्हाच तुटली होती.
मग करंटाने मिळाली ती वाट धरली :
चोकची तार,
सायकलच्या ब्रेकएवढी बारीक, जिचं काम
फक्त एक झडप मिटण्याचं.
तिच्यावरून अख्ख्या स्टार्टरचं ओझं परतत होतं.
वरचं प्लास्टिक वितळून काळं झालेलं.
"बेचारी," हरगोविंद म्हणाला. तारेला.
मी आभाळाकडे पाहिलं. तिथेही धुकंच.

नवी पट्टी ऐंशी रुपयांची.
बोल्टाची जागा मी स्वतः घासली, पॉलिश पेपरने,
आतलं लोखंड उजळेपर्यंत.
किल्ली.

एकदा खोकली, थांबली,
दुसऱ्यांदा धरली ती धरलीच.
गल्लीभर निळा धूर, धुक्यात मिसळेना,
वेगळा उभा राहिला थोडा वेळ.
आई आतून म्हणाली, "आले वाटतं.
चहा टाक गं, त्यांच्यात साखर कमी."

तीन कप ठेवले.
कमी साखरेचा हरगोविंदने घेतला,
एक घोट घेऊन कपाकडे पाहिलं,
बोलला काही नाही. पूर्ण प्यायला.

शिरीषचा पुन्हा फोन. "झाली सुरू? काय होतं?"
"परतीची तार तुटली होती."
पलीकडे बराच वेळ नुसता ट्रॅफिकचा आवाज.
मग म्हणाला, "अच्छा."
मग म्हणाला, "होळीला बघतो, जमलं तर."

इंजिन तापलं तसा चोक आत ढकलला, हळूहळू,
दादा ढकलायचे तसा, दोन बोटांनी.
तारही बदलायला हवी. बघू, या महिन्यात नको.
मूठ गार होती.
मी हात काढला नाही लगेच.