पोपटी वजा

उदगीरच्या गच्चीवर, ओल्या पोत्यांच्या सावलीत
रौफ अत्तार वही उघडतो:
नर हिरवा, आत निळा लपलेला.
मादी ऑलिव्ह. पिल्लं दोन.
एक गेलं.

लोरीची जीभ म्हणजे कुंचलाच,
मधपाण्याची वाटी चाटून
भिंतभर शिंतोडे.
बायको म्हणते, रंग तर सगळा इथंच सांडलाय.

सातव्या वर्षी, उरलेल्याला पिसं फुटली.
निळी नाहीत, पिवळीही नाहीत,
राखेवर ऊन पडावं तसं काहीतरी.
पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर
भावाआधी नाव विचारतं.

रौफला सुचेना.
ज्यावरून आपण पोपटी म्हणतो
तेच काढून टाकलं यातून,
आता याला कशावरून काय म्हणायचं?

वहीत ती ओळ कोरी.
पिल्लू त्याच्या अंगठ्याला
जीभ लावून बघतंय,
गोड आहे का.