सात किलोंचं देणं

वाऱ्यानं दार आपटलं. कट्.
टर्कीची तंगडी गुडघ्याखाली लोंबायला लागली.
फिदेन्सिओनं आधी सुरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
ती ओरडली नाही. गळ्याची लाल झालर तेवढी
फिकी पडत राखेवर आली.

तसं पाहिलं तर ती त्याची नव्हतीच.
वहीत लिहिलंय, त्याच्याच अक्षरात:
आबुन्दिओच्या मुलीचं लग्न. एक टर्की, सात किलो.
रेमेदिओस गेली तेव्हा नवव्या दिवसाला
त्यांनी दिली होती, तिची ही परतफेड.
या गावात देणं कुणी विसरत नाही. वही विसरू देत नाही.

जुन्या फणीच्या दोन बोरूच्या काड्या,
मधे कापूस, वरून लोकर,
किरमिजी, कारण हाताशी तीच होती.
फार आवळू नका, गुरांचा डॉक्टर म्हणाला,
बोटांना हात लावून बघत जा. गार पडली तर सोडा.

मग मागाच्या आडव्या लाकडाला पोत्याची झोळी,
झोळीला दोन भोकं, भोकांतून दोन पाय,
जमिनीच्या वीतभर वर.
तो पावडी दाबतो, खट्,
आणि तिचा बरा पाय हवेत एक पाऊल टाकतो.
खट्. पाऊल.
दिवसाकाठी चार बोटं गालिचा
आणि कुठंच न पोचलेली ही एवढी चाल.

भिजवलेला मका पुढं धरला की चोच मारते
हाताला, बटणाला, मग चुकून मक्याला.
रात्री घाण काढताना तो शिव्या घालतो
सापोतेकमधून. स्पॅनिश शिव्या
तिला लागत नाहीत, असं त्याचं मत.

रविवारी फ्रेस्नोहून फोन.
एलिगिओ हवेबद्दल बोलतो, द्राक्षांबद्दल,
आणि मधेच: तीन आठवडे झाले बाबा, शिडीवरून पडलो.
प्लास्टर आहे. सांगितलं नाही.
तुम्ही थोडेच येणार होतात.

खरंच, कसा येणार होता.
कागद ना याच्याकडे, ना त्याच्याकडे.
फोन कानाशी, दुसरा हात झोळीखाली.
बराच वेळ नुसती खरखर. मग म्हातारा विचारतो,
पायाची बोटं बघितलीस का?
गरम आहेत ना?

थांबा, म्हणतो एलिगिओ.
तिकडं खाट करकरते. कुणीतरी वाकतंय.

लग्नाला दुसरी टर्की गेली, गालिचा विकून आणलेली,
सात किलोंना पावशेर जास्तच.
ही अंगणात फिरते, एका अंगाला झुकून,
दारापाशी आली की थबकते.
दाराला आता त्यानं दगड लावून ठेवलाय.