समासातल्या रेघा

बाबांचा उजवा हात गेला, आणि त्याच्याबरोबर बोलणंही.
उरले दोन शब्द: 'हं' आणि 'नाही'.
वीज मंडळाच्या ऑडिटमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला
तेवढे पुरतात, असं आम्ही हसून म्हणायचो.

केसलीबेन सकाळी आठला येते.
किशनवाडीहून शटल रिक्षा, मांडवीला उतरून पायी.
चपला दाराबाहेर, पदर खोचलेला.
'काका, चालो,' म्हणते आणि त्यांना कुशीवर वळवते,
भरला हंडा कलता करावा तशी,
थेंबही न सांडता.
दर दोन तासांनी. डावी कूस, पाठ, उजवी कूस.
दीड वर्षात पाठीवर एक व्रण नाही.
डॉक्टर मला म्हणाले, छान काळजी घेताय तुम्ही.
मी 'हो' म्हटलं.

ब्यूरो रावपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर.
आमच्याकडून महिन्याला अठरा हजार घेतात,
तिच्या हातावर अकरा टेकवतात.
मधले सात कुठे मुरतात, मी विचारलं नाही.
विचारायचं तर दुसरी बाई शोधायची तयारी हवी.

बाबांच्या हाताशी मंडळाची जुनी डायरी असते.
डाव्या हातानं समासात रेघा ओढत पडून राहतात,
वाकड्या, मुंगीच्या पायांसारख्या.
बोटांना व्यायाम, म्हणून आम्ही कौतुक केलं.
पाहुण्यांनाही दाखवल्या.

दिवाळीआधीच्या रविवारी त्यांनी डायरी माझ्यापुढे सरकवली.
चार रेघा, पाचवी आडवी. पुन्हा चार.
वर एकच अक्षर: 'के'.
ते काढायला त्यांना किती दुपारी लागल्या असतील.
मग बोट घड्याळाकडे, आठच्या आकड्यावर.
मग दाराकडे.
मला कळायला चहा गार व्हावा लागला.
रात्री आठनंतर ती थांबली
त्या प्रत्येक अर्ध्या तासाची एक रेघ.
एकूण एकशे तेवीस.

मी तडक ब्यूरोत. जिना चढतानाच वाक्यं जुळवलेली:
माणसं आहेत ती, यंत्रं नाहीत, वगैरे.
तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, रजिस्टर उलटलं.
'बेन, तिची ड्यूटी आठला संपते.
त्यानंतर ती कुणासाठी थांबते?'

खाली झेरॉक्स मशीन चालू होतं,
तोच कागद पुन्हा पुन्हा.
'केसलीबेन, दहा मिनिटं हं.'
मीटिंग होती. अलकापुरीत ट्रॅफिक होता.
एकदा मैत्रिणीचा वाढदिवस.
आठनंतर शटल मिळत नाही हे मला माहीत होतं,
जसं छताला पंखा आहे हे माहीत असतं.

घरी येऊन हिशेबाला बसले.
तिच्या पगाराच्या दरानं ताशी पस्तीस.
'नाही,' बाबा म्हणाले.
पन्नास?
'नाही.'
ब्यूरोला आपण मोजतो तो दर: अठ्ठावन्न.
'हं.'

साडेएकसष्ट तासांचे तीन हजार पाचशे सदुसष्ट
मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्यापुढे ठेवले.
आभार तिनं मानले नाहीत. का मानावेत.
बोट ओलं करून नोटा मोजल्या,
मग डायरी मागून घेतली, उजेडाकडे धरली
आणि श्रावणातल्या एका पानावर थांबली.
'काका, आ बे लीटी खोटी.'
त्या रात्री ती माझ्यासाठी थांबलीच नव्हती म्हणे.
मॅच रंगात आली होती, शेवटची षटकं,
दोघांनी मिळून बघितली.
अठ्ठावन्न रुपये तिनं सुटे काढून उशीशी ठेवले.

'नाही,' बाबा म्हणाले.
'बे खोटी.'
'नाही!'
'अरे काका, खोटी छे!'
दोघांच्या मध्ये ते रुपये
एकदा इकडे, एकदा तिकडे,
आणि मी दारात, हातात पर्स घेऊन,
या घरात पहिल्यांदाच काही भांडण ऐकत असल्यासारखी.

घड्याळात आठ वाजून दोन मिनिटं झाली.
बाबांनी पेन्सिल उचलली.