गवसणी की पेटी

ऋजुताची रायफल पाच किलो भरते.
पेटी रिकामीच साडेपाच.
दुकानातल्या काट्यावर मी दोनदा ठेवून पाहिली.
दुकानदार म्हणाला, काका, चाकं आहेत की खाली.
चाकांनी अजून सिडकोतले रस्ते पाहिलेले नाहीत.

घरात गवसणी आहे ना.
भद्रकालीत युसुफभाईंनी शिवलेली,
जन्मभर तबले-तंबोरे झाकणारा माणूस.
माप घ्यायला त्यांनी रायफल मांडीवर आडवी घेतली
आणि सवयीनं विचारलं, याचा भोपळा कुठंय?
निळं रेक्झिन, आत कांबळ्याचं अस्तर,
तीन वर्षं तिच्या पाठीवर.
सिटी बसमध्ये बायका विचारायच्या,
गाणं शिकतेस का गं?
ती हो म्हणायची.
तसं खोटं नव्हतं.
अर्धा श्वास सोडायचा, अर्धा धरून ठेवायचा,
रेंजवर पहिलं वर्षभर तेच तर शिकवलं.

शाळेच्या सत्कारात कुणीतरी बोललंच:
आभाळाला गवसणी घालणारी मुलगी!
मी मागच्या खुर्चीत हिशेब करत बसलो,
किती मीटर रेक्झिन,
आणि युसुफभाई शिलाई काय लावतील.

मग ती पुण्याची बस.
सिन्नरला एकजण चढला, त्यानं वरच्या फळीवर
मिक्सरची मोटार ठेवली. गवसणीवर.
आपटली नाही, नुसती टेकवली.
मागच्या साइटचा एक स्क्रू केसभर ढिला झाला.
सरावाच्या छर्र्यांत तिनं क्लिक फिरवून पाहिले,
साइट ऐकेना.
एक डावीकडे, एक त्याहून डावीकडे,
एक भलताच दहावर, उगाच आशा लावणारा.

घरी येऊन म्हणाली, माझाच श्वास चुकला.
मोटारीचं बोलली सहा महिन्यांनी,
मेथी निवडताना, मान खाली घालून.

मी अंबडला फोम कापतो.
अठरा वर्षं दुसऱ्यांच्या वस्तूंना खळगे करून देतोय:
स्विचचे, काचेच्या नळ्यांचे,
एकदा तर कुणाच्या तरी कृत्रिम गुडघ्याचा.
आणि माझ्या पोरीची रायफल कांबळ्यात.

पेटी घेतली. आतला दुकानचा फोम काढून फेकला,
अंड्याच्या ट्रेसारखा, कशालाही चालणारा
म्हणजे कशालाच नीट न बसणारा.
रविवारी वर्तमानपत्रावर रायफल ठेवली
आणि पेन्सिल फिरवली कडेकडेनं,
चपलेच्या मापाला तिचं पाऊल काढायचो तशी.
ती म्हणाली, बाबा, गुदगुल्या होतात तिला.
रेघेच्या दोन मिलिमीटर आतून कापायचं.
फोमनं धरावं, आवळू नये.
नव्या पोरांना मी हे रोज सांगतो.
घरात सांगायची वेळ आली की
माझंच पातं वाकडं जातं.

नाशिकरोडला भोपाळच्या गाडीची वाट बघताना
हवालदारानं काठीनं पेटीला टकटक केलं.
पेटी बघून कुणी गाणं विचारत नाही.
एक म्हातारी तेवढी म्हणाली,
बाई गं, एवढी लांब बाजाची पेटी!
ऋजुतानं असोसिएशनचं पत्र काढलं, कड्या उघडल्या.
हवालदार वाकून बघत राहिला, बंदुकीकडे कमी,
तिच्याभोवतीच्या करड्या काठाकडे जास्त.
कुणी कापलंय हे?
ती नुसती माझ्याकडे बघून हसली.

गाडी हलली तेव्हा तिच्या सॅकमधून
निळं रेक्झिन डोकावताना दिसलं, गुंडाळी केलेलं.
मला विचारलं नव्हतं.
फोनवर म्हणाली, हॉस्टेलपासून रेंज अर्धा कोस,
रोज काय पेटी ओढत नेऊ?
आणि तिथंही कुणीतरी विचारेलच ना, गाणं शिकतेस का.

खळग्यातून निघालेला तुकडा फेकवेना.
तीच लांबी, तोच दस्ता,
वजन म्हणाल तर लाह्यांच्या पिशवीएवढं.
महिनाभर कपाटावर होता.
परवा बघतो तर बायकोनं
मागच्या खिडकीच्या फटीत कोंबलाय,
गंगापूरच्या बाजूनं वारा फार येतो म्हणून.
नळी बाहेर आलीय जराशी.
तिच्यावर चिमणी बसते.