उचकी

सिग्नलला थांबलं की गाडीला उचकी लागायची.
आठवडाभर मी हसण्यावारी नेलं.
शनिवारी शेजारच्या डेलबर्टने
स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला:
पी शून्य तीन शून्य तीन.
"तिसरा सिलिंडर. धड पेटत नाही."

का, ते यंत्र सांगत नाही.
प्लग, कॉइल, इंजेक्टर,
की आतच काही झिजलंय.

अ‍ॅक्रनची नोव्हेंबरातली थंडी, बोटं बधिर.
तीनची कॉइल एकवर बसवली, एकची तीनवर.
कोड पुसला. मृण्मयीला घेऊन
टायर कारखान्याच्या जुन्या भिंतीपर्यंत फेरी.

उचकी लागली की आई नावं घ्यायला लावायची,
बरोबर नाव आलं की थांबते म्हणे.
मागच्या सीटवरून पोर सुटलीच:
शैला आत्या, बंडूकाका, वर्ध्याची निमा,
डेलबर्टचा कुत्रासुद्धा.
बाबाचं नाव तिने घेतलं नाही.
मीही नाही.

दिवा पुन्हा लागला.
पी शून्य तीन शून्य एक.
म्हणजे कॉइलच. जिथे गेली तिथे
दुखणं घेऊन गेली.
अडतीस डॉलर, वर टॅक्स.

आता सिग्नलला गाडी इतकी गप्प असते
की बंद पडली की काय म्हणून
मी काट्याकडे बघत बसते,
हिरवा झाला तरी.