दुसरी वेलांटी

भांडुपच्या टेकडीवर, मंडळाच्या खोलीत
साडेसात ते नऊ आमचा वर्ग.
नऊनंतर खोली कॅरमवाल्यांची.
भिंतीला टेकलेले ढोल, माळ्यावर कागदात गुंडाळलेलं मखर,
आणि मी, पाणी खात्यातून निवृत्त.
एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर
लाल शाईने शेरे मारलेला हात.

पहिल्याच आठवड्यात नियम लिहून लावले.
वेळेवर यावे. मोबाईल बंद ठेवावा.
गृहपाठ करून यावा. मध्येच बोलू नये.
दत्ताराम नाचरे, रात्रपाळीचा वॉचमन,
एकेक अक्षर बोटाने धरत शेवटापर्यंत गेला
आणि म्हणाला, "सर, ह्याच्यात तुमच्यासाठी काय नाय?"
मी ऐकलं नाही असं दाखवलं.
त्या दिवशी मीच दहा मिनिटं उशिरा आलो होतो.

जानेवारीत शुद्धलेखन घातलं.
कौतिकाबाईंनी लिहिलं, प्रजासत्ताक दीन.
मी वही उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी:
"बाई, दिवस लिहायला सांगितला होता,
गरिबी नाही."
वर्ग हसला. इर्शाद तर सतरंजीवर लोळला.
नात प्रणोती, जी नुसती सोबतीला यायची,
ती तेवढी हसली नाही.
कौतिकाबाईंनी वही मागून घेतली,
तांदळाच्या पिशवीत ठेवली,
पदर सारखा केला.

सोमवारी त्या नाहीत. मंगळवारीही नाहीत.
गुरुवारी प्रणोती एकटी आली, सतरंजी झटकून गेली.
आजीने सांगितलं होतं म्हणे,
आज आपली पाळी आहे.

शुक्रवारी मी पायऱ्या चढलो.
मध्ये दोनदा थांबलो, दम हे निमित्त.
दारात त्या कानातले टोचत बसलेल्या,
एका पुठ्ठ्यावर बारा जोड, शंभर पुठ्ठ्यांचे किती
ते त्यांनी सांगितलं, मला इथे लिहवत नाही.
"बसा सर." पुढे पुठ्ठा सरकवला.
माफीचं वाक्य मी खालूनच जुळवून आणलेलं,
ते तोंडात तसंच.
मी टोचलं. डावं उजवीकडे गेलं. पुठ्ठा फाटला.
त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली नाही,
पुठ्ठा वर धरला नाही.
नुसतं माझ्या बाजूला सरकून
माझ्या बोटांखालून तो जोड सोडवला,
परत लावला, आणि म्हणाल्या,
"बसंल हात."

मग मी बोललो. जुळवलेलं नाही, दुसरंच काहीतरी.

सोमवारी त्या आल्या. कशा आल्या, का आल्या,
मी विचारलं नाही.
लाल पेन घरी होतं. खिशात शिसपेन्सिल, खोडरबर.
इर्शादने त्यांच्यासाठी भिंतीची जागा सोडली,
पाठ टेकायची, जिच्यावरून तो रोज भांडायचा.
मी नियमांचा कागद उतरवला, पाठची कोरी बाजू वर केली
आणि म्हणालो, माझ्यासाठी लिहा.
बराच वेळ कुणी हलेना.
दत्तारामने लिहिलं, सर पण वेळेवर.
मग हशा झाला, या वेळी माझ्यावर,
आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी कौतिकाबाई.
ओठ मुडपून, पेन्सिल कानातल्याच्या तारेसारखी धरून:
चुकलं तर सांगा. पण शेजारि बसून.

मी वाचलं. छान, म्हणालो, आणि कागद उचलायला गेलो.
त्यांनी हात ठेवला त्यावर.
"सर, माझं एक तरी चुकतंच.
सोडून नका देऊ. फसवल्यावाणी होतं."

गुडघे कुरकुरले. खाली बसलो.
शेवटच्या अक्षराशी बोट नेलं, टेकवलं नाही.
त्यांनी पाहिलं, स्वतःच खोडलं,
रेघ उलट्या बाजूने वर नेली,
जरा जास्तच वर, वरच्या ओळीत घुसेपर्यंत.

बाहेर कॅरमवाले दार वाजवत होते.
नऊ वाजून गेले होते.
"दोन मिनिटं," दत्ताराम ओरडला, "बाई लिवतायत."