दीड मीटर

दाभोळच्या जेटीवर तिकिटं फाडतो मी.
दोन फेऱ्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं मोकळी,
आणि ड्रॉवरमध्ये, सुट्ट्या पैशांच्या डब्यामागे,
हप्त्यावर घेतलेला साबणाच्या वडीएवढा कॅमेरा.

भिंग रुकय्या परकारने दिलं.
तिचे अब्बा हुसेन सारंग, चौतीस वर्षं जहाजावर.
ओडेसाच्या धक्क्यावर दोन नायलॉनच्या साड्या देऊन
त्यांनी तो रशियन कॅमेरा घेतला होता.
खाऱ्या हवेने कॅमेऱ्याचं काही ठेवलं नाही,
पडद्याला भोकं, खटका बसलेला.
भिंग तेवढं तांदळाच्या डब्यात टिकलं.
कडेला बुरशीची जाळी, केसाहून बारीक,
आणि घेरावर परकी अक्षरं. पहिलं म्हणजे
खांबाला टेकलेलं कडं,
बोटीवरून बुडणाऱ्याला टाकतात तसलं.
पुढची मला लागत नाहीत.

जोडायचं कडं दामू मेस्त्रीने लेथवर काढलं,
ट्रॉलरच्या पंख्याच्या जुन्या पितळी बुशातून.
"इंजिनाची कामं पडलीत माझी," म्हणत म्हणत
तीनदा आटे बिघडवले, चौथ्यांदा बसले.

कॅमेरा मानेना.
पडद्यावर अक्षरं: लेन्स जोडलेली नाही.
मेनूच्या तळाशी एक सेटिंग असतं,
ते चालू केलं की नाइलाजाने हो म्हणतो.
तरी प्रत्येक फोटोच्या नोंदीत
भिंगाच्या नावापुढे रेघ.

जुन्या कॅमेऱ्यात, रुकय्या सांगते,
एका माणसाची दोन माणसं दिसायची,
एक ठळक, एक फिकट.
कडं फिरवत फिकटाला ठळकात नेऊन बसवायचं.
भिंगाच्या मागचा पितळी ओठ
किती अंतर, ते आतल्या दांडीला सांगायचा.
ओठ आहे अजून.
पलीकडे ऐकायला कुणी नाही.

आणि कडं फिरेना.
आतलं ग्रीस थिजून मेण झालेलं.
एका टोकाला एक,
दुसऱ्या टोकाला आडवा पडलेला इंग्रजी आठ,
म्हणजे अनंत,
आणि खूण अडकलेली
दीडवर.

सुएझ, मोंबासा, ओडेसा पाहिलेला माणूस
आणि शेवटचं माप दीड मीटर.
ताटापलीकडचं कुणी. दारात उभं असलेलं कुणी.
रोल नाही, फोटो नाही.
मी रुकय्याकडे पाहिलं.
"अब्बांना शेवटी जवळचं दिसत नव्हतं," ती म्हणाली,
"चष्म्याशिवाय नखंसुद्धा काढता यायची नाहीत,"
आणि चहा ओतायला लागली.

भिंग फिरेना, तर मीच फिरलो.
अर्धं पाऊल पुढे, पाव मागे.
जुळलं तिथे पडद्यावर कडा लाल चमकतात:
आधी बशी,
मग बांगडी,
मग पापणी. पापणीवर थांबलो.
सेन्सर लहान. खिडकी, मांडणीवरची भांडी,
भिंगाने पाहिली, कॅमेऱ्यात आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दामूने काचा काढून
कडं रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं,
सकाळी फडक्यात धरून पिळलं. सुटलं.
सरळ आठापर्यंत गेलं.

आता फेरी सुटली की धोपाव्यावर रोखतो.
आठावर नेऊनही पलीकडचा काठ पुसटच.
झाडं, रांगेतला टेम्पो, छत्र्या,
सगळं ताकात कालवल्यासारखं.
"कडं जाड राहिलंय," दामू म्हणतो, "कागदाएवढं.
आण, खरवडून देतो. पाच मिनिटांचं काम."

आणतो म्हटलंय.

बोट मधल्या पाण्यातून अलीकडे येते,
रॅम्प आदळतो, उतारू चढणीला लागतात.
मग पुढच्या फेरीची माणसं, एकेक करून,
खिडकीशी येतात,
ताणलेल्या हाताच्या थोडं मागे चेहरा,
मुठीत ओले सुट्टे पैसे.